सहा वर्षांनंतरचं लेकरू

घरून करता येईल असं काम शोधायला नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावातली एखादी आई मोबाइल हातात घेते, तेव्हा तिची पहिली गाठ पडते चोराशी. 'घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिन्याला तीस हजार.' 'व्हिडिओ लाइक करा, रोजचे पैसे रोज खात्यात.' सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखर जमा होतात. मग 'टास्क' मोठं होतं, आधी तुम्ही भरा म्हणतात, आणि भरलेलं परत येत नाही. अर्धवेळ कामाच्या नावाने लुबाडणाऱ्या शंभरावर वेबसाइट केंद्रीय गृहखात्याने डिसेंबर 2023 मध्ये बंद केल्या. मेसेज काही थांबले नाहीत. 1930 हा तक्रारीचा नंबर गावातल्या प्रत्येक बचत गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. पैसे गेल्या गेल्या फोन केला, तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलं की ती आशाही जाते.

या चोरांचा राग येतोच. पण त्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली आहे: कमावणं भाग आहे आणि घरही सोडवत नाही, अशी माणसं या देशात गावोगाव आहेत. चोरांना हे कळलं. सरकारला आणि मालकांना कळायचं अजून बाकी आहे.

घरून काम महाराष्ट्राला नवं नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. बायकांनी मळलेलं पीठ घरी न्यायचं, घरचं सगळं बघून पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, अशी ती रीत. तिथे पीठ आधी हातात येतं. जे काम तुमच्याकडूनच आधी पैसे मागतं, ते काम नव्हे. एवढं एक वाक्य प्रत्येक घरात पक्कं झालं तरी निम्मी फसवणूक थांबेल.

आता मुद्द्याकडे येते. ही आई घरून काम का शोधते? तिचं लेकरू आता तान्हं नाही. ते नववीत आहे.

बाहेरच्यांना प्रकाशा म्हणजे दक्षिण काशी, तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं आणि पुष्पदंतेश्वराचं देऊळ. गावात राहणाऱ्याला प्रकाशा म्हणजे आधी रस्ते: एक शहाद्याला, एक तळोद्याकडे, एक तापीच्या पुलावरून नंदुरबारला. कमावणारी माणसं सकाळी या रस्त्यांनी पांगतात. शिक्षिका, नर्सताई, बँकेतले कारकून, शहाद्याच्या दुकानांत कामाला जाणाऱ्या मुली, एसटीचे वाहक. शाळा पाचला सुटते. घरी येईपर्यंत आई-बापांना सात वाजतात, एसटी चुकली तर आठ. मधल्या वेळात घरात असतो एक मोबाइल आणि चौदा वर्षांचं एक पोर.

चौदा वर्षांचं पोर हाताने वाढून जेवतं, सायकलवर शाळेत जातं, घराची किल्ली सांभाळतं. म्हणून सगळ्यांना वाटतं, चला, सुटलो. माझं म्हणणं अगदी उलट आहे. तान्ह्या बाळाला आजी चालते, मावशी चालते, पाळणाघर चालतं. त्याला दूध आणि ऊब हवी असते, ती कुणीही मायेने देऊ शकतं. चौदाव्या वर्षी मात्र आईच्या जागी आई लागते आणि बापाच्या जागी बाप. खिशात गुटख्याची पुडी कशी आली, रात्री दोन वाजता मोबाइलवर काय चाललेलं असतं, मुलगी दोन दिवस शाळेत का गेली नाही, सुरतेला कामाला नेतो म्हणणारा तो 'भाऊ' कोण, ही उत्तरं समोर बसवून विचारली तर मिळत नाहीत. ती आपोआप निघतात. आई गवारीच्या शेंगा मोडत बसलेली असते, पोर ओट्याला टेकून उभं असतं, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून होतं, आणि मग खरं वाक्य येतं, तेही मान खाली घालून. त्या अकराव्या मिनिटाला घरात मोठं माणूस असावं लागतं आणि ते घाईत नसावं लागतं.

हे आपल्या कायद्यांना का कळत नाही? कारण सगळ्यांनी सहा वर्षांवर रेघ मारून ठेवली आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात होतं: कारखान्यात पाळणाघर हवं, ते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. 1975 साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी: सहा वर्षांपर्यंत. 2005 च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात लिहिलं: कामावर बायकांसोबत पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमा, मुलं मात्र सहा वर्षांखालची. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा 26 आठवड्यांची झाली, आणि रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल व मालकाशी जमलं तर घरून काम करण्याची मुभा आली. फार चांगलं झालं. पण तीही बाळंतपणाला धरूनच. लेकरू सातव्या वर्षात गेलं की आई-बापाच्या नोकरीच्या कागदांतून ते नाहीसं होतं.

आणि हे वय सरकारला ठाऊक नाही असंही नाही. 10 ते 19 या वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. दर आठवड्याला लोहाची निळी गोळी शाळेत पोचते. त्या निळ्या गोळीला माझा नमस्कारच आहे. आपल्याकडच्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे आणि ती गोळी हवीच. पण ज्या खात्याला पोराचं रक्त मोजायचं सुचतं, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याला त्या पोराची आई संध्याकाळी किती वाजता घरी पोचते हे का विचारावंसं वाटत नाही?

ब्रिटनमध्येही ही रेघ सहावरच होती. 2003 साली तिथे सहा वर्षांखालच्या मुलांच्या आई-बापांना (मूल दिव्यांग असेल तर अठराखालच्या) कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क मिळाला. 2009 मध्ये तो 16 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना दिला. 2014 मध्ये सगळ्याच नोकरदारांना, आणि एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. हा हक्क फक्त मागण्याचा आहे. मालक नाही म्हणू शकतो, पण त्याला कारण द्यावं लागतं आणि ठरल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. म्हणजे रेघ पुसता येते. तिथे ती अकरा वर्षांत पुसली. युरोपीय संघाच्या 2019 च्या नियमाने ती निदान आठ वर्षांवर तरी नेली. आपल्याकडे खासगी नोकरीतल्या बाईने "माझी मुलगी दहावीत आहे, मला तासभर आधी निघू द्या" असा अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा, ते कुणी दाखवून द्यावं.

महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या नोकरांपुरतं एक पाऊल टाकलंय, ते मान्य केलं पाहिजे. 2018 सालापासून राज्यातल्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि ती मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत घेता येते. दहावी-बारावीच्या वर्षी कितीतरी शिक्षिका ती घेतात. आमच्या भागात ही रजा हक्काने मागायला लाजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साहेब काय म्हणतील, हीच काळजी. ताई, तो शासन निर्णय आहे, उपकार नव्हे. अर्ज करा.

पण याच निर्णयात एक गोष्ट मला खुपते. पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा मिळते, ती बायको वारली असेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे बापाने बाप व्हायचं ते आई नसल्यावर. सोळा वर्षांचा मुलगा घरात धुमसतोय, बापाशी बोलत नाही, आणि बापाला दोन महिने घरी राहून त्याच्याबरोबर शेतात जायचंय, मोटर दुरुस्त करायचीय, त्याला गाडी शिकवायचीय, तर सरकार म्हणतं, बायको ठणठणीत आहे ना? मग नाही. आणि खरं सांगायचं तर किती बाप मागायला जातात? 'जरा सोयीच्या वेळेची नोकरी बघ' हे वाक्य घराघरांत बाईलाच ऐकवलं जातं. पगार कमी झाला तर तिचा, बढती हुकली तर तिची. पुरुषांनो, पोरगं तुमचंही आहे. अर्धा दिवस तुम्हीही मागा.

वेळेचंही तसंच. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मोकळा मिळाला, त्याबदल्यात रोजची 45 मिनिटं वाढली आणि कार्यालय सुटायची वेळ सव्वासहा झाली. मुलं लहान असतील तर शनिवार मोलाचा. मुलं मोठी असतील तर रोजची संध्याकाळ मोलाची, कारण शनिवारी ते पोर स्वतःच घरात नसतं. ज्याला शनिवार हवा त्याला शनिवार द्या, ज्याला रोज पाचला निघायचंय त्याला शनिवारी बोलवा. तास तेवढेच, पगार तेवढाच, सरकारचा एक रुपया वाढत नाही. तालुक्याच्या कार्यालयात एवढं करायला काय अडचण आहे? उलट वारं भलतीकडेच वाहतंय. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 वर, कारखान्यांत 9 वरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. त्यात प्रवासाचे तास धरा. त्या घरातलं पोर कुणाशी बोलणार?

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' आहे, नवरा-बायकोच्या शाळांत 30 किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर विचार होतो. चांगला नियम आहे. पण चांदसैली घाट चढून धडगावकडे शिकवायला जाणाऱ्या बाईच्या, घरी मागे राहिलेल्या दहावीतल्या धडधाकट पोराचं वय बदलीच्या यादीत कुठल्या रकान्यात मोजलं जातं? दुसऱ्यांची पन्नास पोरं ती शिकवते. तिच्या पोराचा फोन येतो, "माय, कव्हय येशी?" आणि घाटात रेंज जाते.

इथपर्यंत लिहिलं ते पगारदारांचं. नंदुरबार जिल्ह्यात त्याहून कितीतरी मोठी गोष्ट दुसरीच आहे.

दिवाळी आटोपली की सातपुड्याच्या पाड्यांवरून आणि तापीकाठच्या वस्त्यांवरून माणसं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती पावसाळ्यातच संपलेली असते, त्यामुळे जाऊ की नको हा प्रश्नच उरत नाही. एक नवरा, एक बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरवर चढतं काय? पत्र्याची पेटी, हंडा, पिठाची गोणी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि कडेवरचं पोर. लहानग्याचा निर्णय सोपा असतो, ते बरोबर. अडतं ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीपाशी. बरोबर न्यावं, तर पडावावर प्लास्टिकच्या झोपडीत राहणं, पहाटे आई-बाप फडात गेले की स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडं सगळं तिच्यावर, आणि शाळा सुटली. मागे ठेवावं, तर घरात म्हातारी आजी आणि ही वयात आलेली पोर. आई-बापाच्या जिवाला घोर लागतो, आणि त्या घोरापायी कितीतरी घरांत तिसरा मार्ग निघतो: लग्न लावून टाकू, मग काळजी मिटली. मुली कोवळ्या वयात उजवल्या जातात त्यामागे रूढी आहे, गरिबी आहे, पण फार वेळा हेही आहे की नोव्हेंबर ते मार्च तिच्याजवळ थांबायला घरात कुणी नाही.

ऊसतोडीचा हंगाम बघा आणि शाळेचं वर्ष बघा. दुसरं सत्र पूर्ण फडात जातं. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन तोडणीत. 2011 च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात तळाला असलेला जिल्हा आमचा, 64.38 टक्के. शिक्षण हक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षी थांबतो, म्हणजे नेमका जिथे धोका सुरू होतो तिथे. आश्रमशाळा आणि आदिवासी वसतिगृहं आहेत म्हणून निदान हजारो पोरं शिकली, हे नाकारता येत नाही. तिथले चांगले अधीक्षक आणि शिक्षक पोरांना जीव लावतात. पण शंभर-दीडशे मुलींमागे एक अधीक्षिका, तिने कुणाकुणाची आई व्हायचं?

त्यामुळे घरून काम, सोयीचं काम हा पुण्या-मुंबईच्या लॅपटॉपवाल्यांचा विषय आहे, असं कुणी म्हणालं की मी भांडते. कोयत्याला जाणाऱ्या बाईलाही नेमकं तेच हवं असतं. तिला नोव्हेंबर ते मार्च गावाजवळ काम हवंय. दोघांपैकी एकाला तरी मागे राहता यावं, एवढीच तिची मागणी आहे.

ती मागणी या मातीतली आहे. याच शहादा तालुक्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल समाजातले अंबरसिंग सुरतवंती तिचे पुढारी. दुष्काळाचे दिवस, जमिनी गेलेल्या, मजुरी तुटपुंजी. माणसं एकवटली ती जमिनीसाठी, मजुरीसाठी आणि कामासाठी. त्यातल्या बायकांनी दारूच्या भट्ट्यांवर चाल करून मडकी फोडली, कारण कमाई दारूत जात होती आणि मार घरात येत होता. घर नीट चाललं पाहिजे, हा त्या बायकांच्या लढ्याचा गाभा होता. पुढे 1977 मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी महाराष्ट्राने कायद्यात आणली: मागेल त्याला काम. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने त्यात अंतरही लिहिलं: काम गावापासून 5 किलोमीटरच्या आत द्या, त्याहून लांब दिलं तर मजुरी 10 टक्के जास्त. मागेल त्याला काम, हे आपल्या राज्याने देशाला शिकवलं, आणि गरिबाचं काम त्याच्या घराजवळ असलं पाहिजे, हे केंद्राने कायद्यात लिहिलं. पुढे कायद्यांची नावं बदलोत, दिवसांचे आकडे बदलोत, ते 5 किलोमीटर सोडायचे नाहीत.

मग काम मिळत का नाही? कारण ते वेळेवर सुरू होत नाही. ट्रॅक्टर दिवाळीनंतर निघतात आणि कामांचा पत्ता त्यानंतर लागतो. मजुरी हप्त्याला हातात पडेल याची खात्री नाही. मुकादम मात्र पावसाळ्यात दारात रोख घेऊन उभा असतो. मुकादमाला हरवायचं तर कामाची यादी त्याच्या आधी गावात पोचली पाहिजे आणि मजुरी आठवड्याला मिळाली पाहिजे. गावात काम काढायचंच ठरवलं तर ते आहे: नाले आहेत, बांध आहेत, रोपवाटिका आहेत, शाळांच्या भिंती आहेत.

लॅपटॉपवाल्यांचंही एक सांगून टाकते, कारण प्रकाशा, शहादा, तळोद्याची बरीच पोरं पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत. 2020 च्या टाळेबंदीत तशी कितीतरी जणं गावी आली, ओट्यावर बसून काम केलं, आणि कंपन्या बुडाल्या नाहीत. नोव्हेंबर 2020 मध्ये दूरसंचार खात्याने कॉल सेंटरसारख्या कामांवरची बंधनंही सैल केली, माणूस कुठूनही काम करू शकेल अशी. मग साथ ओसरली. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, इतरांनी आपापल्या परीने दिवस बांधून दिले. तेव्हा ज्यांची मुलं तान्ही होती ती आता शाळेत आहेत, ज्यांची शाळेत होती ती दहावी-बारावीला आली आहेत. जे काम एकदा ओट्यावरून होऊन दाखवलं, ते पुन्हा का होऊ नये, याचं उत्तर कंपनीने कारणासकट लिहून द्यावं. आणि ज्यांना घरून काम मिळालंय त्यांनाही एक विनवणी. अमेरिकेच्या घड्याळावर रात्रभर काम आणि दिवसभर झोप, यात तुम्ही घरात असता पण पोराला सापडत नाही. पगार मागताना घासाघीस करता, तशी वेळेसाठीही करा. संध्याकाळचे दोन तास लिहून घ्या.

पगारदारांचे प्रश्न मुंबईत सुटतील तेव्हा सुटतील. कोयत्याचा प्रश्न गावात सुटू शकतो. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा ट्रॅक्टर निघायच्या आधी असते. त्या दिवशी ज्यांच्या घरी नववी ते बारावीतलं पोर आहे, त्या प्रत्येक कोयत्याचं नाव ग्रामसभेत वाचून दाखवावं, त्या घरातल्या एकाला नोव्हेंबर ते मार्च गावाच्या 5 किलोमीटरच्या आत काम हवंय असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा, कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय उठू नये.